ताई, काउन्सेलर व्हाचं आहे, पण शिकाचं कुठी?

मागच्या अंकात झोप न लागण्याबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी शेवटी सहज लिहून गेले होते की आपल्याकडे तालुक्याच्या गावात मनाचं ऐकून घेणारं शिकलेलं माणूसच सापडत नाही, आपल्या पोरापोरींनी या कामात यायला पाहिजे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, काही तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवली, की या महिन्याचा अख्खा कॉलम त्याच्यावरच देते आहे. पाच पत्रं घेतली, नावं गाळली, भाषा ज्याची त्याची ठेवली.

ताई नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे, बीए फायनलला आहे, सायकॉलॉजी एक विषय आहे. बाबाची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी न् तूर. दोन वर्षाआधी माझे मोठे काका गेले, कसे गेले ते तुम्ही समजून घ्या. त्याच्यानंतर काकू तीन महिने कोनाशीच बोले ना, मी रोज रात्री तिच्याजवळ जाऊन बसो, बोलो काहीच नाही, अन् एक दिवस ती आपोआप बोलाले लागली. तेव्हापासून मले वाटते का हेच काम कराव. घरचे म्हणतात बीएड कर नाहीतर पोलीस भरतीचा फॉर्म भर. सर म्हणतात एमए. एक जण म्हणे सहा महिन्याचा ऑनलाइन डिप्लोमा कर, सर्टिफिकेट भेटते अन् लगेच बोर्ड लावता येते. मंग मी काय करू? पैसे बी जास्त नाहीत.

बाळा, आधी त्या सहा महिन्यांच्या डिप्लोम्याचं सांगते, कारण त्याच्यात पैसे पहिले जातात. आपल्या देशात नुसता "काउन्सेलर" असा बोर्ड लावायला आजवर कोणी अडवलेलं नाही, म्हणून असे कोर्स विकले जातात. पण "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट", म्हणजे मानसिक आजार तपासून औषधाशिवाय उपचार करणारा, म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, तिच्याकडे नोंदणी लागते, त्याचा कायदा १९९२ चा आहे. आणि २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा म्हणून जो नवीन कायदा आला त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणजे मानसिक रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते, मानसिक आरोग्यातले काउन्सेलर यांचीही नोंदणी व्हावी असं धरलंय. म्हणजे आज जो दरवाजा उघडा दिसतो आहे तो उद्या बंद होत जाणार आहे, आणि तू आता विशीत आहेस, तुला पुढची तीस-पस्तीस वर्षं काम करायचंय, तेव्हा कच्च्या कागदावर घर बांधू नको. डिप्लोमा करायचाच असेल तर पक्क्या डिग्रीनंतर जोडीला कर.

आता रस्ते. एक रस्ता सायकॉलॉजीत एमए. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ आणि अमरावतीला संत गाडगे बाबा विद्यापीठ ही आपली जवळची, तुला अमरावती बसनं जमतं का नागपूरला होस्टेल मिळतं ते बघून ठरव. मुंबईला टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, अप्लाइड सायकॉलॉजीचं एमए आहे, त्याला सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते, फॉर्म एकदाच निघतात आणि आपल्या पोरींना कळतं तेव्हा तारीख गेलेली असते, म्हणून बीएच्या शेवटच्या वर्षी दिवाळीपासूनच वेबसाइट बघत राहा. दुसरा रस्ता एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सचा, त्यात मेडिकल अँड सायकियाट्रिक सोशल वर्क असं स्पेशलायझेशन असतं. नागपुरात तिरपुडे कॉलेज आणि मातृ सेवा संघाचं समाजकार्य कॉलेज ही जुनी नावं आहेत, तिथे जाऊन चौकशी कर. लोक एमएसडब्ल्यूला कमी समजतात, मला ते पटत नाही, कारण त्यात फिल्डवर्क पहिल्या वर्षापासून सक्तीचं असतं आणि माणसांत लवकर जायला मिळतं. आणि तुझ्यासारखीला, जिला घर, शेत, कर्ज, दारू हे सगळं एकत्रच दिसतं, तिला तो रस्ता कदाचित जास्त जवळचा वाटेल.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे क्लिनिकल. आतापर्यंत एमए सायकॉलॉजीत ५५ टक्के घेऊन, एंट्रन्स देऊन, दोन वर्षांचं एमफिल करायचं आणि मग आरसीआयची नोंदणी, असं होतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांचे नियम करणाऱ्या आयोगानं, २०२२ च्या नियमांत एमफिलच बंद केलं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली, आणि आता त्याच्या जागी नवीन रचना येऊन राहिली आहे. म्हणून पाच वर्षांपूर्वी शिकलेल्या ताईदादाचा सल्ला या एका बाबतीत जसाच्या तसा घेऊ नको. ज्या वर्षी तू फॉर्म भरशील त्या वर्षी आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या संस्थांची यादी उघडून, कॉलेजचं नाव आणि कोर्सचं नाव दोन्ही आपल्या डोळ्यानं वाच, कॉलेजच्या ऑफिसातला माणूस "मान्यता आहे हो" म्हणाला एवढ्यावर पैसे भरायचे नाहीत.

आणि घरी बसून एमए? आधी पुष्कळ जणींनी इग्नूतून, म्हणजे दिल्लीच्या मुक्त विद्यापीठातून, तसं केलं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं विद्यापीठांना सांगितलं की सायकॉलॉजीसारखे आरोग्याशी जोडलेले कोर्स दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन आता चालवायचे नाहीत. आधी करून बसलेल्यांचं वेगळं, पण तुला नव्यानं घ्यायचं असेल तर रेग्युलरच घ्यावं लागेल. माहीत आहे मला, शेतीच्या घरातल्या पोरीला रेग्युलर म्हणजे खोलीभाडं, मेस, एस्टीचा पास, आणि घरातले दोन हात कमी होणं. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर स्कॉलरशिप आणि फ्रीशिपचा फॉर्म वेळेत भर, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेव, तहसीलमध्ये जून-जुलैला पाय ठेवायला जागा नसते.

हे झालं कागदाचं. आता ज्याच्यासाठी मी एवढं लांब लिहून राहिले ते सांगते. कॉलेजात जाशील तेव्हा फी विचारण्याआधी हे विचार, की दोन वर्षांत मी खऱ्या माणसासमोर किती तास बसणार, कुठे बसणार, आणि त्या वेळी माझं काम कोण तपासणार.

मी एमए केलं तेव्हा आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल होतं. बुद्धिमत्तेची चाचणी, व्यक्तिमत्त्वाची चाचणी, मैत्रिणीवर करायची, आकडे लिहायचे, सही घ्यायची. दोन वर्षांत एकही दुखावलेला माणूस माझ्यासमोर खुर्चीवर येऊन बसला नाही, आणि मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. मग एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर लागले. पहिल्याच आठवड्यात राळेगावकडची एक बाई आली, डोकं दुखते म्हणे, छातीत भरून येते, सगळ्या तपासण्या नॉर्मल. मी तिला वीस मिनिटं समजावलं. टेन्शन घेऊ नका, लेकराकडे पाहून जगा, देवाचं नाव घ्या, सकाळी फिरा. ती "हाओ ताई, हाओ ताई" म्हणत गेली. परत आलीच नाही. पुढे मला एक मॅडम सुपरव्हिजनला, म्हणजे माझं काम तपासायला, मिळाल्या, त्यांनी सांगितलं की तुझं नि तिचं जे बोलणं झालं ते आठवून जसंच्या तसं लिही, तिचं वाक्य, तुझं वाक्य, आणि ते बोलताना तुझ्या मनात काय चाललं होतं. मी लिहिलं. दीड पान माझं होतं आणि तिची दोन वाक्यं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त त्या दोन वाक्यांखाली पेनानं रेघ मारली. त्यातलं एक वाक्य होतं "घरी कोनी इचारत नाही", आणि मी त्याच्यावर काय उत्तर दिलं होतं, तर सकाळी फिरायला जा.

माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं. असं लिहून दाखवण्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात, चांगल्या एमएसडब्ल्यू कॉलेजात ते करून घेतात, चांगल्या एमएमध्येही घेतात. जिथे घेत नाहीत तिथे प्रवेश घ्यावाच लागला तर बाहेर शोध, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो तिथे सुट्टीत बसू द्या म्हणून पत्र दे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या मोजक्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, सेवाग्राम आणि सावंगीला मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांच्या मानसोपचार विभागाला कॉलेजमार्फत लिहून इंटर्नशिप माग. एक जण नाही म्हणेल, दोन म्हणतील, तिसरा हो म्हणतो.

तू काकूजवळ न बोलता बसलीस ना, ते पुष्कळांना एमए झाल्यावरही जमत नाही. पण काकू तुझी होती. अनोळखी माणसाजवळ, रोज पाच जणांजवळ, रागावलेल्या, दारू पिऊन आलेल्या, खोटं बोलणाऱ्या माणसाजवळही तसंच बसता येणं याला शिक्षण लागतं, आणि आपल्या घरातलं दुःख त्याच्या दुःखात मिसळू न देणं याला तर फारच. काकांचं जाणं तुझ्या मनात अजून ताजं असेल. कोर्सला जाण्याआधी नाहीतर पहिल्या वर्षात तू स्वतः कोणा समुपदेशकाकडे जाऊन त्याबद्दल बोल. कितीतरी चांगल्या संस्थांत शिकणाऱ्यांनी स्वतः थेरपी घ्यावी असा आग्रहच असतो, त्यात कमीपणा काही नाही.

ताई मी धारणी भागात आशा म्हणून काम करते, बारावी झाली आहे, वय ३८. बाया मला सगळं सांगतात, नवऱ्याचं, सासूचं, लेकरू गेल्याचं. मी ऐकते पण मला भीती वाटते की आपण काही चुकीचं तर बोलत नाही. डिग्री नसताना हे काम करता येते का? आता या वयात शिकून काही उपयोग आहे का?

ताई, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, आणि त्यात घरोघरी जाणारे आरोग्य कार्यकर्ते आणि बोलून मदत करणारे समुपदेशक असे दोन्ही डिग्री नसलेले, पण शिकवून तयार केलेले लोक होते. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांतली जेमतेम ४ मदत घ्यायला जायची, कार्यक्रमानंतर दीडेक वर्षानं मोजलं तर ती २७ झाली होती. याचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आला. म्हणजे डिग्रीशिवाय काम होतं, पण त्या लोकांना आधी नीट शिकवलं होतं आणि वर सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर होते, अडलं की पाठवायला जागा होती. ते वरचं काढून घेतलं तर मग तुमच्यासारखी बाई एकटी पडते आणि तुम्हाला जी भीती वाटते ती खरी ठरू शकते.

शेतकरी कुटुंबांसाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून १४ जिल्ह्यांत आहे, त्यात आशांनी घरी जाऊन विचारपूस करायची असते हे तुम्हाला माहीतच असेल. जेव्हा ट्रेनिंग लागेल तेव्हा मागे बसू नका, आणि ट्रेनिंगमध्ये फक्त फॉर्म कसा भरायचा तेवढंच सांगितलं तर हात वर करून विचारा की बाई रडायला लागली तर मी काय करू.

शिकण्याचं म्हणाल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करता येतं, काम सांभाळून, आणि त्याच्यानंतर एमएसडब्ल्यूचा रस्ता मोकळा होतो. चाळिशीत एमएसडब्ल्यूला आलेल्या दोन बायांसोबत मी काम केलंय, वर्गातल्या पोरांना त्या फिल्डवर घेऊन जायच्या. तुम्हाला कोरकू येत असेल तर तुमच्याजवळ असं काही आहे जे नागपूर-मुंबईच्या कोणाहीजवळ नाही. तोपर्यंत एवढं सांभाळा की ऐकलेलं दुसऱ्या घरी जाऊ द्यायचं नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही, आणि मारहाण किंवा मरणाचं कोणी बोललं तर एकटीनं ठेवायचं नाही, डॉक्टरला सांगायचं.

माझी मुलगी सायकॉलॉजीत एमए करायचं म्हणते. आमचं वाशिम जिल्ह्यात किराणा दुकान आहे. दोन प्रश्न आहेत. नोकरी लागते का? आणि दिवसभर लोकांचं दुःख ऐकून तिच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना? गावात लोक म्हणतात वेड्यांच्या डॉक्टरची नर्स होईल.

भाऊ, तुम्ही बाप म्हणून विचारताय तसंच सरळ सांगते. नोकऱ्या आहेत, पण बऱ्याच कंत्राटी आहेत, दर वर्षी ऑर्डरची वाट पाहावी लागते, आणि सुरुवातीचा पगार बीएड झालेल्या कायम शिक्षकाएवढा नसतो. हे लपवून तुमच्या मुलीचं भलं होणार नाही. जागा कुठे असतात तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, जो देशात १९९६ पासून आहे, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्करची पदं असतात. एचआयव्हीच्या तपासणी-समुपदेशनाच्या आयसीटीसी केंद्रात काउन्सेलर असतो. किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकमध्ये असतो. व्यसनमुक्ती केंद्रात, कौटुंबिक सल्ला केंद्रात, शाळा-कॉलेजात. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट नाहीतर सोशल वर्कर पाहिजे. आपल्या जिल्ह्यात अशी किती कॉलेजं आणि ज्युनिअर कॉलेजं आहेत ते तुम्हीच मोजा. शाळेकडे जायचं असेल तर एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा डिप्लोमा आहे, तो एमएनंतर किंवा बीएडसोबत उपयोगी पडतो.

गरज किती आहे तेही सांगते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वे केला त्यात १०० प्रौढांमागे १० ते ११ जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. काम तर पडलेलं आहेच, त्याला पगाराची कायम जागा करायला सरकार उशीर करून राहिलं याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा प्रश्न. हो, परिणाम होतो. सगळ्यांवर होतो. मला स्वतःला एका वर्षी पोळ्याच्या सुमारास महिनाभर झोप नव्हती, कारण लागोपाठ तीन घरं आत्महत्या झालेली आली होती. म्हणूनच शिकताना सुपरव्हिजन लागतं आणि नोकरीतही लागतं, म्हणजे आठवड्यातून एकदा आपल्याहून अनुभवी माणसाजवळ बसून, ज्यांच्या केसेस आहेत त्यांची नावं न घेता, आपल्याला काय जड गेलं ते बोलायचं. मुलीला जिथे हे मिळेल तिथे ती टिकेल. आणि तुम्ही घरी एवढं करा, संध्याकाळी ती आली की "आज काय काय ऐकलंस" असं विचारू नका, तिला ते सांगता येणार नाही, सांगूही नये. चहा ठेवा, दुकानातलं बोला.

लोक जे म्हणतात त्याला उत्तर द्यायची गरज नाही, पण तुमच्या माहितीसाठी, सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. तुमची मुलगी औषध देणार नाही, ती बोलण्यातून, ऐकण्यातून, ठरलेल्या पद्धतीनं मदत करेल. दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना एकमेकांची गरज पडते.

नमस्कार, मी गोंदिया जिल्ह्यातला, सध्या नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला ही लाइन बदलायची आहे. मावसभाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडे मेंटल हेल्थ काउन्सेलिंगचं मास्टर्स कर, तिकडे याला लायसन्स असतं आणि मान असतो. करू का?

तिकडची पद्धत मला आवडते, कारण तिथे तास मोजतात. काउन्सेलिंगचे कोर्स तपासणाऱ्या काकरेप या संस्थेची मान्यता असलेलं क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगचं मास्टर्स ६० क्रेडिटचं असतं. त्यात आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम म्हणजे सुरुवातीचा सराव, त्यातले ४० तरी थेट माणसासमोर, आणि नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० थेट. डिग्री झाली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही, त्याच्यापुढे देखरेखीखाली हजारो तास काम आणि एनसीई किंवा एनसीएमएचसीई ही परीक्षा, आणि हे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. म्हणजे मास्टर्स धरून पाचेक वर्षं सहज जातात, आणि विद्यार्थी व्हिसावर ते देखरेखीचे तास पूर्ण करता येतील का हे मावसभावाला नाही, ज्या राज्यात जाणार तिथल्या बोर्डाला आणि व्हिसाच्या जाणकाराला विचार. खर्च डॉलरमध्ये, त्यात शेत गहाण टाकायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. परत येऊन इथे काम करायचं असेल तर इथल्या नोंदणीचं पुन्हा बघावं लागेल तेही लक्षात ठेव.

माझं मत विचारशील तर आधी एक वर्ष दे. एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात नाहीतर हेल्पलाइनवर ट्रेनिंग घेऊन काम कर. इंजिनिअरिंगचा कंटाळा आला म्हणून ही लाइन, असं असेल तर ते वर्षभरात कळतं. टिकलास तर कुठेही जा.

ताई, मी एमएसडब्ल्यू सेकंड इयरला आहे, फिल्डवर्क एका ग्रामीण रुग्णालयात आहे. मागच्या आठवड्यात एक शेतकरी, बावन्न-त्रेपन्नचे असतील, बोलता बोलता म्हणाले "आता आपलं काम झालं, पोराले सोयाबीनचे पैसे आले का मी मोकळा." मला समजलं पण मी विषय बदलला. मग ते म्हणाले हे कोनाले सांगू नको बापू. मी कोणाला सांगितलं नाही. रात्रभर झोप नाही. मी काय करायला पाहिजे होतं?

बाबू, तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुला फोन केला होता आणि आपलं बोलणं झालं, त्या काकांपर्यंत तुझे सर आणि डॉक्टर पोचले हेही कळलं. तरी इथे लिहिते, कारण तुझ्या जागेवर उद्या दुसरं कोणी असेल.

विषय बदलला याबद्दल स्वतःला मारत बसू नको, पहिल्यांदा सगळे बदलतात, कारण आपल्याला वाटतं मरणाचं नाव काढलं तर त्याच्या डोक्यात ते भरेल. तसं होत नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं खाली ठेवायला जागा मिळते. नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ नावाची जी ९ प्रश्नांची यादी तुम्ही शिकता त्यातला शेवटचा प्रश्न याच्यावरच आहे, आणि तोच प्रश्न शिकाऊ पोरं घाईत वाचून पुढे जातात. सरळ विचारायचं, आपल्या भाषेत, "काका, जीव द्याचा इचार येते का मनात?" हो म्हणाले तर घाबरलेलं तोंड न करता पुढे विचारायचं, कधीपासून, काही ठरवलंय का, घरी कोण असतं.

मग त्यांना एकटं सोडायचं नाही. तुझ्या सुपरव्हायझरला आणि तिथल्या डॉक्टरला त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही. घरच्या एका विश्वासाच्या माणसाला, शक्यतो त्या काकांना सांगून आणि त्यांच्यासमोर, बोलवायचं, आणि फवारणीचं औषध घरातून हलवायचं, कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. ही गोष्ट खूप साधी वाटते पण तीच जीव वाचवते. कारण तो विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि थोड्या वेळानं उतरतो, तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस राहतो. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, तो काकांच्या फोनमध्ये आणि घरच्याच्या फोनमध्ये दोन्हीकडे सेव्ह करून द्यायचा.

आता "कोनाले सांगू नको" याचं. गोपनीयता आपल्या कामाचा कणाच आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ती दिलेली आहे, पण त्याच कायद्यात जिवाला धोका असेल तर गरजेपुरतं सांगायची मोकळीक आहे. म्हणून पहिल्याच भेटीत, काही निघण्याआधी, प्रत्येकाला सांगायची सवय लाव, की "तुम्ही बोललं ते माझ्याजवळच राहील, पण तुमच्या नाहीतर दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी एकटा नाही ठेवणार, सांगणार, अन् तुम्हाले सांगूनच सांगणार." हे आधी बोललेलं असलं की नंतर विश्वासघात वाटत नाही. आपल्याकडे काकांना एक भीती अजून असते, पोलीस केस होईल. त्याच कायद्याचं ११५ वं कलम असं धरून चालतं की ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता, आणि म्हणून उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर त्या प्रयत्नाबद्दल खटला आणि शिक्षा नाही. हे घरच्यांना माहीत असलं तर ते दवाखान्यात आणायला घाबरत नाहीत.

आणखी एक, जे कोणत्या पेपरात येत नाही. आपल्या भागात कोणी येऊन "मला नैराश्य आहे" म्हणत नाही. म्हणतात जीव लागत नाही, डोक्शात इचार फिरते, पोटात आग पडते, हातपाय गळून गेले, वावरात जावंसं वाटत नाही, आणि म्हणतात "मी मोकळा". मी २२ वर्षांपासून एक वही ठेवली आहे, त्यात लोकांची नुसती अशी वाक्यं आहेत, नाव नाही, गाव नाही. तू आजपासून तुझी वही कर. पहिल्या पानावर काकांचं ते सोयाबीनचं वाक्य लिही, आणि त्याच्यासमोर, त्या वेळी तू काय विचारायला पाहिजे होतं ते तुझ्या शब्दात लिहून सोमवारी तुझ्या सरांना दाखव. नंतर मलाही पाठव.